बाळाला पायांवर न्हाऊ कसं घालावं

नाळ पडून बेंबी पूर्ण कोरडी होईपर्यंत पायांवरची अंघोळ नको. साधारण एक-दोन आठवडे जातात. तोवर कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्यानं अंग पुसलं की झालं. बेंबीवर हळद, तूप, तेल, राख काहीही लावू नये, ती उघडी आणि कोरडी ठेवली की आपली आपण वाळते. बाळाचं वजन दोन किलोच्या आत असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुसण्यावरच भागवावं, मग घरात कुणी कितीही घाई करो.

दूध पाजून किमान अर्धा तास झालेला असावा. पंखा बंद, दार लोटलेलं, पंचा आणि कपडे हाताशी. बादलीत आधी गार पाणी, मग त्यात कढत. उलट केलं आणि मध्येच कुणी हाक मारली तर कढत पाण्याची बादली तशीच राहते. पाणी कोपर बुडवून पाहावं, बोटांनी नाही. स्वयंपाकाला सरावलेल्या बोटांना कढत पाणीही कोमट वाटतं. कोपराला गरमही लागू नये आणि गारही, म्हणजे ते सदतीस-अडतीस अंशांच्या आसपास असतं. चार-पाच लिटर पुरतं.

तेल खोबरेल किंवा तिळाचं, दोन चहाचे चमचे. मोहरीचं नको, कोवळ्या कातडीला ते झोंबतं. मालीश दहा-पंधरा मिनिटं, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, सांध्यांना ओढाताण न करता. टाळूवर तेलाचं बोट फिरवायला हरकत नाही, दाबायचं मात्र नाही. तिथं खाली अजून हाड जुळलेलं नसतं, पुढची टाळू भरायला बहुधा दीड वर्ष लागतं. तेल थापल्यानं ती लवकर भरत नाही. डोकं दाबून गोल करणं, नाक चिमटीत धरून सरळ करणं, बाळाची स्तनाग्रं पिळणं, कानात-नाकात तेल सोडणं हे सगळं बंद. पिळल्यानं तिथं गळू होतं, आणि नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्युमोनिया होतो.

आता बसणं. पाटावर बसायचं, पाठ भिंतीला, पाय समोर सरळ आणि एकमेकांना चिकटलेले. नडग्यांच्या मधल्या खळग्यात बाळ, त्याचं डोकं आपल्या घोट्यांपाशी आणि पाय आपल्याकडे. इथंच पहिली चूक होते. पाट उंच असला की आपले पाय पुढे उतरते होतात, बाळाचं डोकं खाली जातं आणि अंगावर घेतलेलं सगळं पाणी कानांकडे धावतं. मग लोक म्हणतात, पायांवरच्या अंघोळीनं कान फुटतो. दोष उताराचा असतो. बुटका पाट घ्या आणि टाचांखाली दुसरा पाट किंवा जाड घडीचा टॉवेल सरकवा. डोकं अंगापेक्षा दोन बोटं वर राहिलं पाहिजे.

तेलाचं बाळ निसटतं. उचलण्याआधी त्याच्या बगला आणि पाठ पंचानं टिपून घ्या, आपले तळवेही पुसा. तोंड ओल्या फडक्यानं आधीच पुसून ठेवा, डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, दर डोळ्याला फडक्याचं वेगळं टोक. तोंडावर तांब्यानं पाणी घ्यायचंच नाही.

आधी पालथं, मग उताणं. म्हणजे एकदाच पालटावं लागतं. पालथं असताना गाल आपल्या घोट्यावर आणि नाक मोकळं आहे ना, हे दर तांब्याला पाहायचं. साबण पूर्ण धुतल्याशिवाय पालटायचं नाही. पालटताना एक हात छातीखाली, दुसरा मानेखाली. एका दंडाला धरून उचललं तर खांदा दुखावतो. डाळीचं पीठ नवजात बाळाला नको, ते खरखरतं आणि घड्यांमध्ये बसून आंबतं. सौम्य साबण आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. मुलीला पुढून मागे धुवायचं. मुलाच्या शिश्नावरची कातडी मागे ओढायची नाही.

डोकं सगळ्यात शेवटी. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, ते ओलं राहिलं की सगळं अंग गार पडतं. म्हणून आधी डोकं भिजवून मग निवांत अंग चोळत बसणं चुकीचं आहे. आणि हीच पायरी खरी अवघड. ज्यांच्या बाळाला अंघोळीत ठसका लागतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचं गणित इथंच चुकलेलं असतं.

डावा तळवा मानेखाली घाला आणि डोक्याचा भार त्यावर घ्या. हनुवटी छातीला टेकलेली नको आणि डोकं मागे लोंबतंही नको. छातीला टेकली तर श्वास कोंडतो, लोंबलं तर पाणी नाकात शिरतं. उजव्या हातात पाव लिटरचा लहान तांब्या, अर्धाच भरलेला. भरलेला तांब्या मनगटाला पेलत नाही आणि धार एकदम कोसळते. धार कपाळावर नाही, केसांच्या रेषेच्या बोटभर मागे धरायची, डोक्यापासून चार बोटं उंचावरून, बारीक आणि सलग, आणि ती मागे वाहू द्यायची. तुमच्यासोबत कुणी असेल तर त्यांना धार धरू द्या आणि तुमचा उजवा हात भुवयांवर आडवा ठेवा, बांधासारखा. पहिले काही आठवडे मी तर म्हणेन, एकटीनं डोकं धुऊच नये. पाणी घालणारं माणूस वेगळं, धरणारं वेगळं.

घाई करून एकदम पाणी ओतलं की बाळ दचकतं, तोंड उघडून मोठा श्वास घेतं आणि त्याच श्वासाबरोबर पाणी आत जातं. लहान बाळ मुख्यत: नाकानंच श्वास घेतं, त्यामुळे नाकावर वाहिलेलं थोडं पाणीही त्याला ठसका लागायला पुरतं. तोंडावर सपके मारले की बाळाचा दम वाढतो, हा समज सोडून द्या. त्यानं दम वाढत नाही, बाळ गुदमरतं.

ठसका लागलाच तर तांब्या खाली ठेवा, बाळाला लगेच कुशीवर वळवा, तोंड जरा खाली करा आणि खोकू द्या. पायाला धरून उलटं टांगू नका, टाळूवर फुंकर मारू नका. ओठ निळसर दिसले किंवा श्वास लागलेलाच राहिला तर तसंच गुंडाळून दवाखान्यात. कानात गेलेलं पाणी बाहेरून पंचाच्या टोकानं टिपा. काडी आत घालू नका.

पाण्यातलं सगळं काम पाच मिनिटांत आटपलं पाहिजे. मग डोकं आधी पुसा, नंतर मान, बगल, जांघा, कानामागच्या घड्या. चोळू नका, टिपा. वेखंडाची पूड अंगावर भुरभुरू नका, ती श्वासात जाते. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी देण्याला माझा ठाम विरोध आहे. बंद खोलीतल्या धुरानं कोवळ्या फुप्फुसांचं नुकसानच होतं. काजळही नको, काही काजळांत शिसं असतं.

न्हाऊ घालायला मावशी येणार असतील तर नियम पहिल्याच दिवशी, बाळ त्यांच्या पायांवर जाण्याआधी सांगा. मध्येच हात धरून अडवलं तर त्यांचा सगळ्यांसमोर अपमान होतो आणि दुसऱ्या दिवशी मन लावून काम होत नाही. ‘मावशी, तुमचा हात चांगला आहे, पण कानात तेल आणि धुरी डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढं पुरतं. डॉक्टरांचं नाव घेतलं की आजीशीही वाद होत नाही. मावशींनी आधी हात साबणानं धुवावेत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, नखं कापलेली असावीत. त्यांच्या पाटाशेजारी तुम्ही रोज बसा, धार तुम्ही धरा. शेवटच्या दिवशी ठरलेल्या पैशांखेरीज साडी-चोळी देऊन ओटी भरायची पद्धत आहे, ती चुकवू नये.