हरणाच्या शिकारीसाठी खिशाला परवडणारा रायफल स्कोप कसा निवडावा

नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण आणि त्याबरोबर हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांत स्कोपच्या, म्हणजे रायफलीवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीच्या, कपाटापुढे गर्दी होते. दीडशे डॉलरचा स्कोप आणि दीड हजाराचा स्कोप, दोन्ही बाहेरून सारखेच काळे. नवखा माणूस मग डब्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघतो आणि तिथेच फसतो. हरणासाठी स्कोप घेताना पैसे मोजायचे ते उजेडासाठी आणि पक्क्या बैठकीसाठी, आकड्यासाठी नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराची शिकार गुन्हा आहे, तेव्हा इथे बोलतोय ते अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाबद्दल, आणि तिथे राहणाऱ्यांसाठी. तुम्ही एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर राज्याचा शिकार परवाना काढल्याशिवाय रायफलीला हात लावू नका. साधारणपणे त्या परवान्यामुळेच केंद्रीय कायद्यातल्या बंदूकबंदीतून सूट मिळते. आणि स्कोप बॅगेत टाकून भारतात नेऊ नका, तो निर्यात-नियंत्रणाच्या यादीतला माल आहे.

आधी ठरवा, गोळी किती लांबून झाडणार. पेन्सिल्व्हेनियाच्या दाट रानात हरीण बहुतेक वेळा १०० यार्डांच्या आतच समोर येतं. वायोमिंगच्या उघड्या माळावर २००-३०० यार्डही होतात. दोन्हीकडे ३-९×४० हा जुना, साधा स्कोप पुरतो. म्हणजे ३ ते ९ पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. रानात खरा कामाचा आकडा ३ हा आहे. ३ पटीवर १०० यार्डांवरचा सुमारे ३० फुटांचा पट्टा दिसतो. ९ पटीवर त्याच्या निम्माही दिसत नाही, आणि झाडीतून पळणारं हरीण सापडतच नाही.

आता उजेड. व्हाइटटेल बाहेर पडतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते. त्या संधिप्रकाशात स्कोप किती उजळ दिसेल, याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो: भिंगाच्या मिलिमीटरला पटीने भागा, की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४, ४० भागिले ६ म्हणजे ६.७. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढेल तशी कमी. म्हणून सांज झाली की पट कमी करायची. नवा स्कोप घ्यायची गरज नाही. ५० मिलिमीटरचं भिंग मला तरी फुकटचं ओझं वाटतं. त्याला रायफलीवर धरून ठेवायला उंच कड्या लागतात आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

भिंगावरचा लेप मात्र तपासाच. डब्यावर नुसतं ‘कोटेड’ असेल तर ठेवून द्या, ‘फुली मल्टिकोटेड’ हवं. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच स्कोप छान दिसतात. दुकानदाराला विचारून दाराशी या आणि समोरच्या सावलीतल्या कोपऱ्यात बघा. शक्यतो संध्याकाळी जा.

डोळा आणि स्कोप यांच्यात साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहिलं पाहिजे. थर्टी-ऑट-सिक्ससारख्या जोरदार काडतुसाच्या रायफलीचा धक्का बसला की कमी अंतराचा स्कोप भुवईवर अर्धचंद्र कोरतो.

आतली नेमाची खूण साधी डुप्लेक्स घ्या, कडेला जाड आणि मध्ये बारीक रेघा असलेली. लांब पल्ल्याच्या ठिपक्यांची खूण स्वस्त स्कोपमध्ये सहसा एकाच पटीवर खरी ठरते, आणि हे ऐन वेळी आठवत नाही. नेम सरकवणाऱ्या बटणांवर झाकणं असावीत. आत नायट्रोजन भरलेला असला की धुकं धरत नाही.

दीडशे ते तीनशे डॉलरांत व्हॉर्टेक्स, ल्यूपोल्ड, बुशनेल, बरिस यांचे चांगले पर्याय मिळतात. व्हॉर्टेक्स आणि ल्यूपोल्डची आजीवन हमी मालकाला नाही, स्कोपला असते, त्यामुळे त्यांचा वापरलेला स्कोपही बिनधास्त घ्यावा. उरलेले पैसे बेस (रायफलीवरची पट्टी, जिच्यावर कड्या बसतात) आणि कड्यांवर घाला. नेम चुकला की लोक स्कोपला शिव्या देतात, आणि पुष्कळदा सैल असतो तो स्क्रू. टॉर्क मोजणारा पाना वापरा, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकंच आवळा. जोर लावला तर स्कोपची नळी चेपते.

मग नेमबाजीच्या रेंजवर जा. सुरुवात २५ यार्डांवर करा. बटणाची एक टिकटिक बहुधा १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे २५ यार्डांवर फक्त एक सोळांश इंच. गोळी तिथे एक इंच खाली लागली तर १६ टिकटिकी वर. मग १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडून नेम पक्का करा, तोही शिकारीला नेणार त्याच काडतुसांनी.

हरीण शोधायला मात्र गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवा. स्कोपमधून झाडी धुंडाळायची म्हणजे भरलेली रायफल कोणावरही रोखायची, आणि त्या झाडीत दुसरा शिकारी बसलेला असू शकतो. रायफल आपटली किंवा विमानातून आली, तर हंगामाआधी पुन्हा तीन गोळ्या कागदावर.