जुन्या रॅक सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन: तयारीची यादी

हायपरवायझर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारी सिस्टिम, टाकायला अर्धा तास पुरतो. त्याआधीच्या तपासणीला मात्र दोन-तीन दिवस राखून ठेवा, आणि क्रम मोडू नका. या कामातल्या बहुतेक अडचणी उलट्या क्रमामुळे येतात: आधी सगळं चालू करायचं आणि मग महिन्याभराने मेमरीत दोष सापडायचा.

सर्व्हर दारात येण्याआधी टेप घेऊन रॅक मोजा. रुंदीची चिंता नको, 19 इंची रॅक सगळीकडे सारखाच असतो. फसगत होते ती लांबीत. 2यू सर्व्हर (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) साधारण 70 ते 75 सेंटीमीटर लांब असतो, आणि मागे वायरी वळायला आणखी 10 ते 15 सेंटीमीटर लागतात. स्विचसाठी बनवलेलं भिंतीवरचं उथळ कपाट इथे चालत नाही. वजन 25 ते 30 किलोपर्यंत जातं, म्हणून चढवताना दोघे जण हवेत. सर्व्हर रॅकमध्ये सरकवायचे रेल मॉडेलनुसार वेगळे असतात, ते सर्व्हरसोबतच मागून घ्या. 1यूपेक्षा 2यू घेणं केव्हाही बरं. 1यूमध्ये 40 मिलिमीटरचे छोटे पंखे असतात आणि तेवढीच हवा ढकलायला त्यांना खूप जोरात फिरावं लागतं. बंद दारातूनही त्यांची शीळ ऐकू येते.

प्रोसेसरची पिढी निवडताना गाभे (कोअर) मोजण्याआधी एव्हीएक्स2 हा सूचनासंच आहे का ते बघा. इंटेलच्या झिऑन ई5 या सर्व्हर प्रोसेसरच्या मालिकेत ते व्ही3 पासून आलं; व्ही2 मध्ये नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 10 ला एक्स86-64-व्ही3 दर्जाचा, म्हणजे एव्हीएक्स2 असलेला, प्रोसेसर लागतो, त्यामुळे व्ही2 च्या मशीनवर ते पाहुणं म्हणूनही (व्हर्च्युअल मशीनच्या आतही) नीट चालणार नाही. शिवाय व्ही3 सोबत डीडीआर4 मेमरी येते, जी पुढच्या मशीनमध्येही कामी येऊ शकते. दोन सॉकेटच्या बोर्डवर एकच प्रोसेसर असेल, तर मेमरीचे अर्धे स्लॉट आणि काही पीसीआय स्लॉट मुके राहतात. ते दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात.

मेमरीचा हिशोब कागदावर करा. प्रोसेसरचे गाभे एकापेक्षा जास्त मशीनना वाटून देता येतात, मेमरी तशी ताणता येत नाही. प्रत्येकी 8 जीबीची सहा मशीन म्हणजे 48 जीबी, मुख्य सिस्टिमला 4, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या कॅशेला 8, म्हणजे 60 झाले. 64 जीबीत हे बसतं, पण सातव्या मशीनला जागा उरत नाही. 128 घ्या. रजिस्टर्ड ईसीसी (चुका सुधारणाऱ्या) पट्ट्या साध्या किंवा लोड-रिड्यूस्ड पट्ट्यांसोबत मिसळू नका, सर्व्हर सुरूच होत नाही. ई5-2600 मध्ये प्रत्येक प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे चार चॅनल असतात, म्हणून पट्ट्या चारच्या पटीत आणि दोन्ही बाजूंना सारख्या लावा. कोणते स्लॉट आधी भरायचे याचा नकाशा बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

आता झाकण उघडा. वीज काढलेली हवी, दोन्ही पॉवर सप्लायची. सीआर2032 सेल न तपासता सरळ बदला. रेड कार्डवर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डवर) बॅटरी असेल तर ती फुगली आहे का ते बघा. हीटसिंकमधली धूळ उडवा. उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्लास्टिकचं हवेचं आवरण आणि रिकाम्या जागांच्या कोऱ्या पट्ट्या जागच्या जागी असायलाच हव्यात. त्या नसल्या की हवा मोकळ्या वाटेने निघून जाते आणि प्रोसेसर तापतो. मेमरीची पट्टी बसवताना दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप मिटल्या पाहिजेत. एक मिटली आणि दुसरी केसभर उघडी राहिली, तर पट्टी वरून बसल्यासारखी दिसते, पण मेमरी कमी मोजली जाते. अशा वेळी पट्टी काढा, सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या आणि पुन्हा बसवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे काही सेकंद पूर्ण वेगाने गरजतात, मग उतरतात. उतरलेच नाहीत, तर झाकण नीट बसलंय का ते बघा. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचं पीसीआय कार्ड काढून बघा. अनोळखी कार्डाचं तापमान सर्व्हरला वाचता येत नाही, म्हणून काही मॉडेल खबरदारी म्हणून पंखे वाढवून ठेवतात.

मग आयड्रॅक किंवा आयएलओ, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची डेलची किंवा एचपीची सोय. जुन्या मालकाची सेटिंग पूर्ण पुसा, पासवर्ड बदला, आणि हे पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. इंटरनेटवर ते कधीच उघडं टाकू नका. दूरून स्क्रीन बघायला बऱ्याचदा वेगळा परवाना लागतो, तो आहे का हे खरेदीआधीच विचारा. घटनांची नोंदवही पुसण्याआधी वाचा. मेमरी दुरुस्तीच्या वारंवार नोंदी एकाच स्लॉटच्या असतील तर पट्टी बदला. वाचून झाल्यावरच नोंदवही कोरी करा, म्हणजे नवी चूक लगेच उठून दिसेल. फर्मवेअर फार जुनं असेल तर एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी न मारता टप्प्याटप्प्याने चढवा. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी) आणि व्हीटी-डी (त्यांना थेट कार्ड देण्यासाठी) चालू करा.

मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा, किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. 128 जीबीला बरेच तास लागतात.

डिस्कवर सगळ्यात जास्त वेळ द्या. सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीत, वाढलेल्या दोषांची यादी असते. तो आकडा शून्य असणं उत्तम, आणि दोन दिवसांत वाढत असेल तर डिस्क परत करा. प्रत्येकीवर लांब चाचणी चालवा. मोठ्या स्टोरेज यंत्रणेतून निघालेल्या डिस्कचे सेक्टर कधी कधी 512 ऐवजी 520 बाइटचे असतात. डिस्क दिसते, पण वापरता येत नाही. लिनक्सच्या एसजी-फॉरमॅट या आज्ञेने ती 512 वर आणता येते. काम कित्येक तास चालतं आणि मध्येच वीज गेली तर ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. झेडएफएस वापरणार असाल तर रेड कार्ड एचबीए किंवा आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या) हवं. एकेका डिस्कचं रेड 0 करून काम भागवू नका. त्यामुळे झेडएफएस आणि डिस्क यांच्यामध्ये कार्डाची कॅशे येते, आणि कार्ड गेलं तर डिस्क दुसऱ्या कार्डावर वाचता येईलच असं नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी रेडझेडपेक्षा (झेडएफएसच्या पॅरिटीच्या मांडणीपेक्षा) मिरर (दोन डिस्कवर तीच प्रत) घ्या, कारण इथे तुकड्यातुकड्याने लिहिणं फार होतं. एसएसडी घेताना वीज गेल्यावर डेटा राखणारे कपॅसिटर असलेली घ्या. साधी एसएसडी सिंक लेखनाला (डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबणाऱ्या) गुडघे टेकते.

विजेचा वापर प्लगच्या मीटरने मोजा. सतत 150 वॅट म्हणजे 30 दिवसांत 108 युनिट, आणि तेवढीच उष्णता खोलीत. दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या सर्किटवर लावा. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा असावा.

सगळी कार्डं आधी बसवा, इन्स्टॉल नंतर करा. लिनक्समध्ये नेटवर्क पोर्टचं नाव बसच्या क्रमांकावरून पडतं. नंतर एखादं कार्ड घुसवलं की क्रमांक सरकतो, नाव बदलतं, आणि प्रॉक्समॉक्स या हायपरवायझरचा ब्रिज (मशीनना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) जुन्या नावाला चिकटून राहिल्याने सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो. मुख्य सिस्टिम दोन छोट्या एसएसडींच्या मिररवर टाका. विंडोज मशीनसाठी व्हर्टआयओ (आभासी डिस्क आणि नेटवर्कच्या) ड्रायव्हरची आयएसओ फाइल आधीच चढवून ठेवा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर न्या. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) त्याच डिस्कवर राहतो, म्हणून तो बॅकअप नव्हे.

खरी मशीन हलवण्याआधी एक चाचणी मशीन चालू ठेवून एका पॉवर सप्लायची वायर उपटा. ती परत लावून झाल्यावर मिररमधली एक डिस्क काढून परत बसवा आणि मिररची पुन्हा जुळणी पूर्ण होईपर्यंत थांबा. शेवटी तेच मशीन बॅकअपमधून दुसऱ्या नावाने उभं करून त्यात लॉगिन करून बघा.