दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये रक्त दिसलं की आधी दाबा

सर्जरीचं रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, ठाण्यातलं एक हॉस्पिटल. पित्ताशयाची केस माझ्या हातात होती आणि सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाला रक्त देणारी धमनी) सुटली. रक्ताची पिचकारी थेट स्कोपवर, म्हणजे पोटात घातलेल्या दुर्बिणीवर, स्क्रीन लाल. माझा हात क्लिपकडे (वाहिनी बंद करायच्या चिमट्याकडे) गेला तेवढ्यात सर म्हणाले, "क्लिप ठेव खाली. गॉज घाल आणि दाब."

दहा मिलिमीटरच्या पोर्टमधून (हत्यारं पोटात घालायच्या नळीतून) गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, आत घातला, जागेवर दाबून धरला. स्कोप बाहेर काढून गरम पाण्यात धुतला. सिस्टर घड्याळाकडे बघून मिनिटं सांगत होत्या. पाच मिनिटांनी गॉज हळूच उचलला तर बारीक धार आणि आर्टरीचं तोंड, दोन्ही स्वच्छ दिसले. ग्रास्परने (लांब पकडीने) तोंड पकडलं, पित्तनलिका कुठे आहे ते पाहिलं आणि मग क्लिप लावली. त्या लाल डबक्यात आंधळेपणाने क्लिप मारली असती, तर पित्तनलिका किंवा यकृताला रक्त देणारी उजवी हिपॅटिक आर्टरी क्लिपमध्ये सापडली असती. नवीन मुलांना मी हे अगदी कळकळीने सांगते, कारण तो मोह मी स्वतः अनुभवला आहे.

मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा बहुतेकदा त्याआधीच होते, व्हेरेस नीडल (पोटात गॅस भरायची सुई) किंवा पहिला ट्रोकार (पोर्ट बसवायचं टोकदार हत्यार) घालताना. महाधमनी बेंबीच्या आसपासच दुभंगते, आणि बारीक पेशंटमध्ये ती कातडीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असते. म्हणून टेबल सपाट ठेवा, डोकं खाली करायचं ते पोर्ट गेल्यावर. पोटात रक्त दिसेलच असं नाही; ते पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) मागे साचतं. भूल देणाऱ्या मॅडम "बीपी पडतंय" म्हणाल्या तर मागच्या बाजूला फुगवटा आहे का ते आधी बघा. ट्रोकार वाहिनीत गेला असेल तर उपसू नका. सरळ पोट उघडा, मुठीने महाधमनी मणक्यावर दाबा आणि रक्त चढेपर्यंत तशीच धरा. दुरुस्ती नंतर. व्हॅस्क्युलर सर्जनना मात्र शंका येताच फोन करा. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून यायला किती वेळ लागतो, ते ठाणेकरांना सांगायला नको.

केस सुरू होण्याआधी मी दोन प्रश्न मोठ्याने विचारते: रक्ताचं क्रॉसमॅच (पेशंटच्या रक्ताशी जुळवणी) झालंय का? लॅपरोटॉमी सेट (पोट उघडायची हत्यारं) ओटीतच आहे ना? सुरुवातीला संकोच वाटायचा.

बाजूचे पोर्ट घालताना एपिगॅस्ट्रिक (पोटाच्या भिंतीतल्या) वाहिन्या स्कोपने आतून बघून घ्या. बाहेरून प्रकाशात फक्त वरवरच्या दिसतात. तिथून रक्त आलंच तर पोर्टच्या जागेतून फोली (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) घाला, फुगा फुगवा, बाहेर ओढून धरा आणि मग टाका घ्या.

आणि शेवटी पोट फुगवणाऱ्या गॅसचा दाब १२-१५ mmHg वरून ८ पर्यंत उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. दाबाखाली गप्प बसलेली शीर तेव्हाच वाहू लागते. प्रत्येक पोर्ट स्कोपने बघतच काढा.