पहिल्या रिमांडआधी, पहिल्या सहीआधी

कोठडीतील मारहाण, बेकायदा अटक आणि कामाच्या जागी होणारे मृत्यू या विषयांवर काम करू पाहणाऱ्या तरुण वकिलांना आणि समाजकार्याच्या पदवीधरांना राज्यघटनेचे कलम २१ आणि २२, अटकेच्या वेळी पोलिसांनी पाळायचे नियम घालून देणारा डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल आणि मानवी हक्क आयोगाचे काम ठाऊक असते, असे मी धरून चालते. त्यांना जे ठाऊक नसते आणि जे समजण्यात माझी सुरुवातीची वर्षे गेली, ते असे की यातली कितीतरी प्रकरणे उच्च न्यायालयाची पायरी चढण्याआधीच ‘माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ या नोंदीवर अडकलेली असतात. कोठडीतल्या माणसाच्या बाबतीत ती न्यायालयाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदवहीत, होते आणि मेलेल्या कामगाराच्या बाबतीत त्याच्या बायकोच्या जबाबात.

तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून रिमांडचे, म्हणजे अटकेतल्या आरोपीला पुढे कोठडीत ठेवायचे का हे ठरवण्याचे, काम पाहा. ज्या शिपायाच्या पहाऱ्यात आरोपीची रात्र गेली, तोच शिपाई त्याचा दंड धरून शेजारी उभा असतो. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट पुढे करतो आणि न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपी आधी शिपायाकडे बघतो, मग नकारार्थी मान हलवतो. ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते आणि पुढचे प्रकरण पुकारले जाते. काही आठवड्यांनी तोच माणूस तुरुंगातून कळवतो की त्याच्या तळव्यांवर मारले होते, तेव्हा सूज उतरलेली असते, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर सरकारी पक्ष ती एक ओळ वाचून दाखवतो: पहिली संधी मिळाली तेव्हा आरोपी काही बोलला नव्हता. ही ओळ पुसण्यासाठी करावी लागणारी धडपड मी जवळून अनुभवली आहे, आणि ती फार क्वचित पुसली जाते.

म्हणून त्या प्रश्नाच्या आधी माणसापर्यंत पोहोचणे हे या कामातले पहिले कौशल्य आहे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३८ मध्ये आहे. ठाण्यात तो नाकारला गेला, तर निदान न्यायालयाच्या व्हरांड्यात पाच मिनिटे मिळवा आणि पोलीस बाजूला उभे राहतील अशी विनंती न्यायाधीशांना स्पष्ट शब्दांत करा. त्याला कायदा समजावत बसू नका. कुठे दुखते, कशाने मारले, कोण हजर होते, एवढेच विचारा. लगेच त्याच संहितेच्या कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणीचा लेखी अर्ज द्या, त्यात दुखापती अवयवानुसार लिहा आणि अर्जाची नोंद रोजनाम्यात झाल्याशिवाय जागा सोडू नका. नुसते ‘आरोपीस मारहाण झाली’ असे लिहिलेल्या अर्जाचा पुढे उपयोग होत नाही. त्याच दिवशी नकलेसाठीही अर्ज करा.

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी ‘चौकशीसाठी’ घरातून नेलेल्या माणसाची अटक कागदावर दुसऱ्या दिवशी दाखवली जाते आणि न्यायालयापुढे हजर करण्याची चोवीस तासांची मुदत तिथून मोजली जाते. याला उत्तर देता येते ते त्याच रात्री तयार झालेल्या पुराव्याने: कुटुंबाने ११२ वर केलेला फोन, पोलीस अधीक्षकांना किंवा पोलीस आयुक्तांना पाठवलेला ई-मेल, नेताना पाहणाऱ्या शेजाऱ्याचे नाव. परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रीकरण अठरा महिने, आणि तेवढी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला आहे. तरीही ते आपोआप जपले जाईल या भरवशावर राहू नका. जतनाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि त्यात तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा लिहा.

कामगाराच्या मृत्यूत हाच सापळा शवागाराबाहेर लागतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गुदमरून किंवा परांचीवरून पडून माणूस जातो, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि शवविच्छेदन चालू असतानाच ठेकेदाराचा माणूस मुद्रांक कागद आणि पैशांचे पाकीट घेऊन येतो. मृतदेह गावी न्यायला रुग्णवाहिकेचे भाडे हवे असते, म्हणून ‘तक्रार नाही’ असे लिहिलेल्या त्या कागदावर बायकोचा अंगठा उमटतो. त्या बाईला दोष देऊ नका, आणि आता सगळे संपले असे तिला सांगू तर मुळीच नका, कारण ते खरे नाही. मृत्यूच्या प्रकरणात नुकसानभरपाई कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करायची आणि मालकाने परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरायचे नाहीत, हा नियम १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आला आहे. ठेकेदाराच्या आड लपणाऱ्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. गटारातल्या मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी १० लाखांवरून ३० लाख केली, ही माहिती कुटुंबाला ठेकेदाराआधी मिळायला हवी. जबाबात मात्र पट्टा, दोर, वायूची तपासणी यांपैकी काय दिले नव्हते हे आलेच पाहिजे, आणि ते सोबतच्या कामगारांकडूनच कळते. ते त्याच रात्री पांगतात.

वरिष्ठ कोण निवडावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. परिषदांमध्ये बोलणाऱ्यांपेक्षा रोज रिमांड कोर्टात उभा राहणारा विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) वकील किंवा कामगार संघटनेचा जुना कार्यकर्ता तुम्हाला अधिक शिकवेल, कारण नक्कल कोणत्या खिडकीवर मिळते आणि कोणता कारकून पोच द्यायला टाळतो, हे त्याला माहीत असते. ‘साहेबांशी ओळख आहे, एक फोन करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तो फोन एखाद्या वेळी माणूस सोडवतो, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही. जखमांचे फोटो घाईने समाजमाध्यमांवर टाकण्यालाही माझा विरोध आहे. त्याने साक्षीदार उघडे पडतात आणि दबाव कुटुंबावर येतो.

पैसा या कामात कमी आहे, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही रात्र जागवली ती कुटुंबे अनेकदा माघार घेतील. त्यांना त्याच गावात, त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे असते. मनाला लावून घेऊ नका. वेळेवर दिलेला एक साधा अर्ज पुढच्या रात्रीची मारहाण थांबवू शकतो, आणि ते अनुभव नसलेल्या वकिलालाही जमते.

मानवी हक्क आयोगांबाबत एक घाई टाळा. एकच तक्रार दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे आणि मुंबईला राज्य आयोगाकडे पाठवली की जोर वाढतो असा समज आहे, पण राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोगाला करता येत नाही, आणि घटनेला एक वर्ष उलटल्यावर दोन्हीकडची दारे बंद होतात. कुटुंब डगमगत असेल तर तक्रारीचा मसुदा तयार करून ठेवा, पाठवण्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवा, आणि वर्ष कोणत्या तारखेला पूर्ण होते ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती द्या.