वापरलेले गिटार पेडल घरी दुरुस्त करताना

ठाण्यात खाडीमुळे हवा दमट असते, म्हणून वापरलेले पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी) हाती आले की मी आधी जॅक (केबल खोचायची जागा) आणि स्विचवरचा गंज पाहतो. झाकणाचे स्क्रू सोडवण्यापूर्वी बॅटरी व अ‍ॅडॉप्टर काढावेत आणि झाकण उघडताच आतल्या तारांचा फोटो घ्यावा.

बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात व त्यांच्या प्लगचा मधला भाग ऋण असतो; कोणी उलट्या ध्रुवाचा अ‍ॅडॉप्टर लावला असेल, तर संरक्षणासाठी बसवलेला १एन४००१ सारखा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जळून शॉर्ट होतो आणि पेडल मृतवत पडते. मल्टिमीटरवर डायोड दोन्ही दिशांनी शून्याजवळ दिसला, तर त्याचे एक टोक सुटे करून पुन्हा मोजावे; तरीही तसाच दिसला तर तो बदलावा, आणि बदलताना त्यावरच्या पट्टीची बाजू जुन्याप्रमाणेच ठेवावी.

नॉब फिरवताना खरखर आली, तर पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या भागात) काँटॅक्ट क्लीनर थोडासा फवारून तो वीसेक वेळा फिरवावा. आवाज मध्येच जात असेल, तर जॅकच्या पायांभोवतीचे सोल्डर भिंगाखाली पाहावे: तिथे केसाएवढी गोल चीर सापडते. तिथे ताजे सोल्डर द्यावे.

थेट २३० व्होल्टवर चालणारे उपकरण मात्र नवशिक्याने उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतात.