आरजीएमआयआयमधले दोन नॅनोसेकंद

एम्बेडेड हार्डवेअरमध्ये नव्याने आलेल्यांच्या हाती कधी ना कधी असा बोर्ड पडतोच, ज्याच्या इथरनेटचा दिवा लागतो आणि लिंक १००० एमबीपीएसवर जुळते, पण पिंग, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणारे चाचणीचे पॅकेट, काही केल्या जात नाही. लिंक हा दोन टोकांच्या फाय चिपांमधला, म्हणजे केबलवर संकेत पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या चिपांमधला व्यवहार असतो. प्रोसेसरमधला मॅक (पॅकेटची देवाणघेवाण सांभाळणारा भाग) आणि बोर्डावरची फाय यांच्यात पॅकेट नीट पोहोचते की नाही, हे त्या दिव्यावरून मुळीच कळत नाही.

मॅक आणि फाय यांना जोडणाऱ्या इंटरफेसचे नाव आरजीएमआयआय. गिगाबिट वेगाला त्याचे क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचे असते, म्हणजे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचे. चार डेटा रेषांवरची माहिती क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर वाचली जात असल्यामुळे प्रत्येक चार बिटांच्या वाट्याला जेमतेम ४ नॅनोसेकंद येतात. घेणाऱ्या चिपला त्यांपैकी सेटअपसाठी (कडेच्या आधी डेटा स्थिर राहण्यासाठी) आणि होल्डसाठी (कडेनंतर स्थिर राहण्यासाठी) किमान १-१ नॅनोसेकंद हवा असतो, म्हणून क्लॉकची कड डेटाच्या मधोमध, सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पडावी लागते. हा उशीर कोणी आणायचा, हा या इंटरफेसमधला कळीचा प्रश्न आहे. मूळ मांडणीत तो बोर्डावर क्लॉकची ट्रेस, म्हणजे तांब्याची वाट, लांबवून आणत असत आणि त्यासाठी साधारण ३० सेंटीमीटर जास्तीची नागमोडी ट्रेस काढावी लागे. नंतरच्या आवृत्तीने चिपच्या आतच विलंब देण्याची सोय केली. आज लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) 'आरजीएमआयआय-आयडी' लिहिले की दोन्ही दिशांचा विलंब फायने द्यावा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ होतो.

मी हाताळलेल्या एका बोर्डावर फाय हा विलंब देत होती आणि मॅकचा ड्रायव्हरही पाठवण्याच्या दिशेने तेवढाच विलंब देत होता. दोन्ही मिळून ४ नॅनोसेकंद झाल्यामुळे कड थेट पुढच्या बदलावर जाऊन पडत होती. बोर्डाकडे येणारी पॅकेट शाबूत होती, समोरच्या संगणकावर मात्र सीआरसी चुकांचा, म्हणजे पडताळणीत बिघडलेल्या ठरलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत होता. वेग १०० एमबीपीएसवर आणताच पिंग सुरळीत झाले, कारण तिथे आवर्तन ४० नॅनोसेकंदांचे असते आणि एवढा विलंब सहज खपून जातो. ही चाचणी नवख्यांनी सर्वांत आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. जोडणी आणि फायची ओळख ठीक आहे, हे तिच्यावरून बऱ्याच अंशी कळते आणि संशयाची जागा आपोआप अरुंद होते. त्यानंतर दोन्ही चिपांच्या डेटाशीटमधली विलंबाची रजिस्टरे (चिपच्या आतली सेटिंग ठेवण्याच्या जागा) शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. एकच डेटाशीट कितीही बारकाईने वाचली, तरी हा दोष तिच्यात दिसत नाही.

ऑसिलोस्कोप लावताना घेणाऱ्या चिपच्या पिनांजवळच मोजावे आणि प्रोबची ग्राउंड तार शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण इथे अर्ध्या नॅनोसेकंदाचाही हिशेब असतो. घेणारी चिप आतून विलंब देत असेल, तर पिनांवर क्लॉक आणि डेटा यांच्या कडा एकाच वेळी बदलताना दिसतात आणि ते बरोबरच असते; ते पाहून ट्रेसची लांबी बदलायला निघू नये. विलंब टप्प्याटप्प्याने बदलता येत असेल, तर पॅकेट चुकू लागण्याच्या दोन्ही मर्यादा शोधून मधले मूल्य ठेवावे आणि बोर्ड तापलेला व थंड असताना, अशा दोन्ही स्थितींत ते तपासावे.