स्थायू, द्रव, वायू : कणांविषयी लिहिताना या चुका टाळा

पदार्थाच्या अवस्थांवरील उत्तरे तपासताना वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते : व्याख्या तोंडपाठ असते आणि आकृती चुकलेली असते. त्यातही सर्वाधिक फसते ती द्रवाची आकृती. स्थायूचे कण दाटीने, वायूचे दूरदूर, म्हणून द्रवाचे या दोहोंच्या बरोबर मधोमध, असा अंदाज बांधून विद्यार्थी चौकटीत मोकळे गोल विखरून टाकतात. वास्तविक बहुतेक द्रवांतील कण जवळजवळ स्थायूइतकेच दाटीने असतात. मोडते ती त्यांची नियमित रचना, आणि त्यामुळे कण एकमेकांवरून सरकू शकतात. पाण्याच्या बाबतीत तर बर्फाची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ०.९१७ ग्रॅम आणि पाण्याची जवळपास १ ग्रॅम असते, म्हणजे बर्फ वितळल्यावर रेणूंची दाटी उलट वाढते.

अशीच विरळ आकृती काढणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती मी सुई काढलेली सिरिंज दिली. आत हवा असताना तिचे तोंड बोटाने बंद करून त्याने दट्ट्या बराच आत ढकलला. मग तीच सिरिंज, हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी काळजी घेऊन, पाण्याने भरली. आता दट्ट्या हलेना. “सर, ही अडकली आहे, दुसरी द्या,” असे तो म्हणाला. दुसरीचाही दट्ट्या हलला नाही, तेव्हा त्याने वहीतील आकृती पुन्हा पाहिली आणि विचारले, “एवढी जागा रिकामी आहे, तर पाणी दाबले का जात नाही?” प्रश्न अगदी योग्य होता. तो आकृती काढण्यापूर्वी पडत नाही, कारण तिन्ही चौकटी झटपट भरून पुढच्या प्रश्नाकडे जाण्याची घाई असते.

मी स्वतः द्रवाची चौकट नेहमी आधी काढतो, गोल एकमेकांना टेकवून पण ओळी मोडून, आणि वायूच्या तेवढ्याच चौकटीत दोन-तीनच गोल ठेवतो. तेही प्रमाणापेक्षा जास्तच होतात : १०० अंश सेल्सिअसला नेहमीच्या हवेच्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट होते, म्हणजे रेणूंमधील सरासरी अंतर जवळपास बारा पट वाढते.

दुसरी हट्टी चूक उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांची. काहीजण त्यांत हवा आहे असे लिहितात, तर काहीजण हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाणी तापू लागताना भांड्याच्या कडेला दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, हे खरे. परंतु खळखळून उकळताना वर येणाऱ्या बुडबुड्यांत पाण्याची वाफच असते. उकळण्याने रेणू फुटत नाही, रेणूंमधील आकर्षणावर मात होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता याच कामी खर्च होते, म्हणून तेवढा वेळ तापमान वाढत नाही.

तापवल्यावर कण फुगत नाहीत, त्यांच्यातील अंतर वाढते. स्थायूचे कण स्थिर नसतात, ते जागच्या जागी कंप पावतात. कणांच्या मधल्या जागेत हवा नसते, काहीच नसते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाण्यात हलताना पाहिले ते परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण होते, रेणू नव्हेत. त्यांची हालचाल पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने मांडले.

विसरणाचा, म्हणजे कण आपोआप एकमेकांत मिसळत पसरण्याचा, प्रयोग मात्र सवडीने करावा. सामान्य तापमानाला हवेतील नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, तरीही अत्तराचा वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला क्षणार्धात पोहोचत नाही, कारण प्रत्येक रेणू पदोपदी दुसऱ्यावर आदळून दिशा बदलतो. शिवाय खोलीत वास पसरवण्याचे बरेचसे काम वाहती हवा करते, त्यामुळे अत्तराची बाटली उघडून विसरणाचा वेग मोजला, असे म्हणणे मला मान्य नाही. त्याऐवजी पाण्याला जांभळा रंग देणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा स्थिर पाण्याच्या तळाशी अलगद सोडावा, भांडे उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवावे आणि हलवू नये. रंग सर्वत्र सारखा व्हायला दिवस लागले, तरी तो काळ पूर्ण होऊ द्यावा. ढवळून घाईने आणलेल्या रंगात विसरण दिसत नाही, फक्त चमच्याची हालचाल दिसते.